पुढच्या तपासणीपर्यंत ठीक

शैलजाताई पांढरीपांडे यांनी पहिल्याच भेटीत मला पाऊण तास नुसतं बसवून ठेवलं होतं. तेवीस-चोवीस वर्षं झाली त्याला. मी साताऱ्याहून भोपाळला नवाच आलो होतो. मंडीदीपच्या वाटेवरच्या आमच्या सरकारी कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी एक मायक्रोमीटर हातात देऊन साहेबांनी मला मापन कक्षात पाठवलं. कारखान्यातली मोजायची साधनं स्वतः बरोबर मोजतात की नाही, हे जिथे तपासतात ती ही खोली. बाराही महिने एकाच तापमानाला ठेवलेली. ताई तिथल्या अभियंता होत्या. मी मायक्रोमीटर पुढे केला. त्यांनी तो टेबलावर ठेवायला लावला आणि म्हणाल्या, "बैठो. पैंतालीस मिनट."

काहीतरी चुकलं असं वाटून मी उभाच राहिलो. तेव्हा त्यांनी समजावलं की चुकलं काही नाही. उन्हातून मुठीत धरून आणल्यामुळे तो गरम झाला आहे, आणि या खोलीइतका थंड होईपर्यंत तो खरं सांगणार नाही. त्या पाऊण तासात त्यांनी माझं गाव, घरची माणसं, जेवणाची सोय असं सगळं विचारून घेतलं. माझी दोन उत्तरं ऐकल्यावर त्या हिंदीवरून मराठीवर आल्या. "तुझं हिंदी ऐकूनच समजलं," म्हणाल्या. "मिसरोदला आमच्या मागच्या गल्लीत एक खोली खाली आहे. बघून घे." मी बघून घेतली. आजही त्याच गल्लीत राहतो, फक्त खोलीचं घर झालं आहे.

या महिन्यात ताईंना साठ वर्षं पूर्ण होतात आणि महिनाअखेरीला त्या निवृत्तही होतात. हे निमित्त साधून इथल्या आपल्या मराठी मंडळाने गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि मला पत्र पाठवलं. पत्रात विषयही सुचवला होता: 'कॅन्सरवर यशस्वी मात करणाऱ्या आमच्या ताई'. मी ते पत्र ताईंना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि परत दिलं.

"मात-बित लिहू नकोस हं," त्या म्हणाल्या. "अजून चालूच आहे रे सगळं. आणि खरं सांगू का, मी थकले आहे आता."

त्यामुळे हा लेख थोडा थकलेला असणार. लिहिणाराही ताजातवाना नाही. ताईंना आठ वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर झाला, मला चार वर्षांपूर्वी. एकाच खोलीतल्या दोघांना कसा, असं लोक विचारतात. आम्हीही डॉक्टरांना विचारून पाहिलं. योगायोग, असं ते म्हणाले. दोघांवरही अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं, दोघंही वाचलो, आणि वाचल्यानंतर जे मागे उरतं ते निस्तरत बसलो आहोत. त्यातच दोन महिन्यांपासून ताईंच्या फुप्फुसांनी कुरकूर सुरू केली आहे. डॉक्टरांनी मुंबईला नवे उपचार घ्यायला सांगितलं आहे आणि ताई 'नको' म्हणाल्या आहेत. मी हे लिहायला घेतलं तेव्हा ते 'नको' कायम होतं. ते झाकून ठेवून नुसती स्तुती लिहिणं मला जमणार नाही.

तरीही आधी कामाबद्दल लिहितो, कारण आजारपणामुळे आपली तीस-बत्तीस वर्षांची नोकरी लोकांना दिसेनाशी झाली, याचा ताईंना राग आहे. आणि तो रास्त आहे. ताईंचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. ताईंचं शिक्षण इथलंच. 'पांढरीपांडे' हे आडनाव इथल्या लोकांना पेलवलं नाही, म्हणून कारखान्यात त्या पहिल्या दिवसापासून 'पांडे मॅडम' झाल्या. उत्तर प्रदेशातल्या कुठल्याशा पांडे-संमेलनाची निमंत्रणंही त्यांना येत. त्यांनी कधी खुलासा केला नाही. "एवढं मोठं नाव उच्चारताना बिचाऱ्यांची दमछाक होते," असं त्या म्हणत.

त्यांचा एक हट्ट सगळ्या कारखान्याला माहीत आहे. तपासलेल्या साधनावर आम्ही चिठ्ठी लावतो. त्यावर 'ठीक' असं नुसतं लिहायला ताईंची सक्त मनाई. एकदा उत्पादन विभागाचे एक साहेब घाईत आले. त्यांना एक मोठं मापक ताबडतोब हवं होतं. "मॅडम, बस लिख दीजिए ना कि ठीक है," ते म्हणाले. ताई जागेवरून उठल्याही नाहीत. "हम सिर्फ ठीक है नहीं लिखते, सर. हम लिखते हैं, अगली जाँच तक ठीक है. और वो लिखने के लिए भी जाँच करनी पड़ती है." साहेब वरपर्यंत गेले, पत्रं झाली, ताईंना दोन बैठकांत उभं केलं गेलं. मापक मात्र तपासूनच बाहेर गेलं, आणि त्यात खरोखरच फरक निघाला. त्या साहेबांनी नंतर आभार मानले का, असं मी विचारलं होतं. "आभार कसले? काम होतं ते," असं म्हणून त्या डबा खायला गेल्या.

आमच्याकडे एक पिवळी चिठ्ठीही असते. एखादं साधन पूर्ण पल्ल्यावर बरोबर दाखवत नाही, पण अर्ध्या पल्ल्यापर्यंत अगदी अचूक असतं. असं साधन भंगारात टाकत नाहीत; त्यावर 'मर्यादित वापरासाठी' अशी पिवळी चिठ्ठी लावतात. प्रत्यारोपणानंतर दीड वर्षाने ताई कामावर परतल्या, तेव्हा सगळे त्यांच्याभोवती दबकून वावरत होते. खुर्ची दे, पाणी दे, फाईल मी उचलतो, असं चाललं होतं. ताईंनी आमच्या जुन्या सहकाऱ्याला, रामसेवकजींना हाक मारली. "रामसेवकजी, मुझे पीली वाली लगा दो. दोपहर तक बिलकुल सही दिखाऊँगी, उसके बाद भरोसा मत करना." रामसेवकजींना हसावं की रडावं कळेना. पण त्या दिवसापासून खोलीला एक पद्धत लागली. बारीक कामं सकाळी ताईंकडे, दुपारनंतर त्या फक्त कागद बघणार. कुणी दया दाखवायची नाही आणि त्यांनीही उगाच शौर्य दाखवायचं नाही.

आता आजाराबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ताईंना त्यांच्या धाकट्या भावाच्या पेशी दिल्या. आधी औषधांच्या माऱ्याने स्वतःची मज्जा पुसून टाकायची आणि मग दुसऱ्याची रुजवायची. ती रुजली. इतकी रुजली की ताईंचा रक्तगट बदलून भावाचा झाला. ओळखपत्रावर बदल करून घ्यायला त्या कचेरीत गेल्या तर तिथला कारकून म्हणाला, "मॅडम, शादी के बाद नाम बदलता है, ब्लड ग्रुप थोड़े ही बदलता है!" ताई म्हणाल्या, "मेरा उलटा हुआ, भैया. नाम वही है." तीन महिने कागद फिरले, मग बदल झाला.

पण दुसऱ्याच्या पेशींचं असं असतं की त्या राहायला येतात, पाय पसरतात आणि कधी कधी त्यांना हे घर परकं वाटायला लागतं. मग त्या घराच्याच भिंती उकरायला लागतात. त्याला आवर घालायला गोळ्या. गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबते, म्हणून जंतूंपासून जपायचं. सूज उतरवायला स्टेरॉइड. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो. ताईंचे दोन्ही मोतीबिंदू काढून झाले. एक खुबा बदलून झाला. डोळ्यांतलं पाणी आटलं आहे, त्यामुळे तासातासाला थेंब घालावे लागतात. तोंडात फोड असतात, म्हणून नागपूरची ही बाई आठ वर्षं तिखटाशिवाय जेवते आहे. हातांची कातडी ताठरली आहे, वरच्या फळीवरचा डबा त्यांना काढता येत नाही. यातली एकही गोष्ट वर्तमानपत्रात छापण्याजोगी नाही. कॅन्सर गेला, असं लोक म्हणतात आणि ते खरंच आहे. त्याच्या जागी ही किरकिर आली, जिला नीट नावही नाही आणि जिची कुणी चौकशी करत नाही.

ताईंनी या किरकिरीशी जे केलं त्याला मी त्यांचं सर्वांत मोठं काम मानतो. त्यांनी तिला मापन कक्षातल्या कामासारखं वागवलं. ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट, न चुकता, न कुरकुरता. आणि कुरकुरायचं असेल तेव्हा मोजून दहा मिनिटं, तीही यजमानांसमोर. प्रभाकररावांनी ती दहा मिनिटं आठ वर्षं ऐकून घेतली आहेत. गौरवग्रंथात त्यांच्यावरही एक लेख हवा होता. बिट्टन मार्केटच्या आठवडी बाजारात ताई जात, त्या गर्दी व्हायच्या आत, मास्क लावून. भाजीवाल्यांना वाटे या कुणी डॉक्टरीणबाई असाव्यात. घरी येऊन भाजी तीन पाण्यांतून काढायची, कच्चं काही खायचं नाही, कोथिंबीरसुद्धा शिजवून. कोथिंबीर शिजवल्यावर तिचं काय उरतं, हे त्यांनी मला एकदाच विचारलं होतं.

चार वर्षांपूर्वी मी आजारी पडलो तेव्हा नातेवाइकांच्याही आधी ताई आल्या. दारातच, चपला न काढता, त्यांनी माझ्या पत्नीला, मीनलला सांगितलं, "रडायला खूप वेळ मिळेल. आधी दाताच्या डॉक्टरकडे ने त्याला." आम्हाला काही समजेना. किमोआधी दात तपासून घ्यायचे असतात, नंतर दात काढता येत नाही, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. एक किडकी दाढ निघाली. ती तशीच राहिली असती तर पुढे तिने मला काय काय दाखवलं असतं, याची कल्पना आता आहे.

माझ्या बहिणीच्या पेशी मला मिळाल्या. त्यानंतर लहानपणीच्या सगळ्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात, कारण नव्या रक्ताला जुन्या लसी आठवत नाहीत. दवाखान्यात लसीच्या रांगेत मी चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ तान्ह्या बाळांमध्ये बसलो होतो. शेजारची आई माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या लसीकरणाच्या पुस्तिकेकडे आळीपाळीने बघत होती. शरमेने पळून जावंसं वाटलं. ताई बरोबर होत्या. त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "रडायचं असेल तर रडून घे. या गोंगाटात कुणाला कळणार नाही." मी हसलो. कित्येक महिन्यांनी हसलो असेन.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय ताई पूर्ण कळणार नाहीत. मापन कक्षात एक नियम आहे. एखादं साधन लागोपाठ तीन तपासण्यांत बरोबर निघालं की त्याची मुदत वाढवायची. सहा महिन्यांनी तपासायचं ते वर्षाने तपासायचं. हा नियम मला ताईंनीच शिकवला. गेल्या वर्षी माझे लागोपाठ तीन रिपोर्ट चांगले आले. मी मनाशी नियम लावला आणि मुदत वाढवली. दर महिन्याची तपासणी तिसऱ्या महिन्यावर नेली. मग गोळ्या दिवसाआड केल्या. घरी सांगितलं, डॉक्टर म्हणाले कमी करा. दुसरा कुणी रुग्ण बरं वाटतं म्हणून औषध सोडतो. मी नियमाला धरून सोडलं, एवढाच फरक. खरं कारण नियम नव्हतंच. मला कंटाळा आला होता. सकाळी उठल्यावर पहिला विचार गोळीचा नसावा, असं एखादा महिना तरी जगावंसं वाटत होतं.

दोन महिने मजेत गेले. मग तोंड आलं. मी डब्यात नुसता दहीभात आणायला लागलो. तिसऱ्या दिवशी ताई माझ्या टेबलापाशी आल्या.

"तोंड आलंय ना?"

"थोडंसं."

"वर बघ. डोळे दाखव." त्यांनी मला दिव्याखाली उभं केलं. डोळे पिवळे झाले होते. "गेल्या महिन्यात तुझं ब्लड झालं होतं का?"

मी माझा नियम सांगितला. खोटं कशाला बोलू, थोड्या अभिमानानेच सांगितला.  ताईंनी रामसेवकजींना ऑटो बोलवायला लावला, आणि मला घेऊन त्या स्वतः दवाखान्यात आल्या. वाटेत एवढंच बोलल्या. "मुदत वाढवायचा अधिकार कुणाचा, ते नाही सांगितलं का रे मी तुला? जो वापरतो त्याचा नसतो तो. कधीच नसतो."

यकृताने बंड केलं होतं. तीन आठवडे मी पलंगावर होतो, आणि स्टेरॉइड पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. वॉर्डात यायची ताईंना मनाई होती, संसर्गाच्या भीतीने. त्या रोज दुपारी फोन करायच्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या एकदा म्हणाल्या, "माझं शिकवणं कमी पडलं." ते ऐकून मी फोन ठेवला आणि मीनलसमोर रडलो. तोवर मी तिला खरं सांगितलेलं नव्हतं. ते सगळं त्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून ताईंच्या आणि माझ्या तपासणीची तारीख एकच असते. ताई माझा रिपोर्ट बघतात, मी त्यांचा. आपला कागद आपण आधी उघडायचा नाही, असं ठरलं आहे.

म्हणूनच दोन महिन्यांपूर्वी ताईंच्या फुप्फुसांचा कागद पहिल्यांदा मी उघडला. या तपासणीत एका नळीत जीव खाऊन फुंकायचं असतं. किती हवा बाहेर पडली, ते यंत्र सांगतं. आकडा गेल्या वेळेपेक्षा बराच खाली होता. मी तो दोनदा वाचला, कारण वर बघायचा धीर होईना. "सांग," ताई म्हणाल्या. "आकडा बघायला एवढा वेळ लागत नाही."

भावाच्या पेशींनी आता श्वासनलिकांना हात घातला आहे. गेलेला श्वास परत येत नाही, उरलेला टिकवायचा असतो. त्यासाठी दर पंधरवड्याला दोन दिवस मुंबईला जायचं. तिथे रक्त यंत्रातून काढून, त्याच्यावर विशिष्ट प्रकाश टाकून परत शरीरात सोडतात. किती महिने, ते डॉक्टर सांगत नाहीत. ताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि बाहेर आल्यावर बाकावर बसून मला म्हणाल्या, "अनिल, मी नाही जाणार. आठ वर्षं झाली. आता मला कुणी तपासू नये असं वाटतंय."

 लोक मला विचारतात, तुम्ही समजावलं का नाही? काय समजावणार? थकलेल्या माणसाला उमेदीच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला फार राग येतो. त्यातले बहुतेक लोक रात्रभर झोपून सकाळी चहा पिऊन आलेले असतात. ताईंना निवृत्तीनंतर काय करायचं होतं, ते मला माहीत आहे. त्यांना काहीच करायचं नव्हतं. मिसरोदच्या घरी दुपारी आडवं व्हायचं, आणि उठून कुठे जायचं नाही. एवढीच इच्छा असलेल्या बाईंना मी रेल्वेचं वेळापत्रक कसं दाखवणार होतो?

इकडे मंडळात सत्काराची तयारी चालली होती. महाराणा प्रताप नगरात आमच्या एका पदाधिकाऱ्यांच्या ऑफिसात बैठक झाली. साठ दिव्यांनी औक्षण करायचं ठरत होतं. मी म्हटलं, दिव्यांचा धूर त्यांच्या डोळ्यांना चालत नाही. मग हार? ताज्या फुलांत बुरशी असते, हार चालत नाही. गुच्छही त्यातच आला. पेढा भरवायचा? तोंडात फोड आहेत, शिवाय साखर. पाया पडायला रांग? गर्दी चालत नाही, कुणाला सर्दी असली तर संपलंच. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मग सत्कार करायचा तरी कसा?" ते कळवळून म्हणाले. त्या क्षणी मला आपल्या सगळ्यांचीच दया आली. आपल्याला माणसावर प्रेम करायचे चार प्रकार माहीत आहेत आणि चारही या बाईंना चालत नाहीत. शेवटी शाल ठरली, तीही आधी धुऊन. मंडळींना विनंती एवढीच की कार्यक्रमाच्या दिवशी नमस्कार लांबून करावा, आणि नाक वाहत असेल तर घरूनच करावा. ताईंना तो पोचेल.

आमच्या खोलीचा एक शिरस्ता आहे. ज्याने मोजलं त्याच्या एकट्याच्या सहीने कुठलाही कागद बाहेर जात नाही. दुसऱ्याने तपासून सही करायची असते. म्हणून इथपर्यंतचा मजकूर आणि शेवटचा एक परिच्छेद लिहून झाल्यावर, मी परवा सकाळी तो ताईंच्या घरी घेऊन गेलो. तो शेवटचा परिच्छेद असा होता:

'ताई, तुम्ही थकलात, हे इतर कुणाहीपेक्षा मला जास्त समजतं. तुम्ही लढा असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही हव्या आहात. मला हव्या आहात. यात तुमचं भलं किती आणि माझा स्वार्थ किती, हे मला मोजता येत नाही. मुंबईला मी बरोबर येईन, दर पंधरवड्याला. नाही म्हणालात तर त्याबद्दल पुन्हा कधी बोलणार नाही, आणि आपल्या तपासणीच्या दिवशी नेहमीसारखा येऊन बसेन. साठीनिमित्त तुम्हांला दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो.'

प्रभाकररावांनी दार उघडलं. ताई पलंगावर पाठीला उशा लावून बसल्या होत्या. स्वयंपाकघरातून इथवर आल्या, त्याचीच धाप लागली होती. त्यांनी पेन्सिल मागितली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. माझी सहा विशेषणं गेली. 'थोर' गेलं, 'तेजस्वी' गेलं. बैठका दोन झाल्या होत्या, मी तीन लिहिल्या होत्या, त्याही दुरुस्त झाल्या. पांडे-संमेलनाच्या मजकुरावर त्या हसल्या आणि हसण्याने खोकल्या. माझ्या मूर्खपणाच्या गोष्टीपाशी थांबून त्यांनी विचारलं, "हे छापायचं आहे नक्की?" मी हो म्हटलं.

शेवटचा परिच्छेद त्यांनी फार वेळ वाचला. मी खिडकीबाहेर बघत होतो. प्रभाकरराव चहा ठेवायला उठले होते, ते उठल्या जागी उभेच राहिले. मग पेन्सिलीचा आवाज आला.

"'निरोगी' काढलं मी," ताई म्हणाल्या. "खोटं आहे ते. कोण विश्वास ठेवणार?"

"बरं."

 मी विचारलं, "आणि 'दीर्घ'?"

ताईंनी कागद मांडीवर ठेवला. श्वास जागेवर यायला त्यांना थोडा वेळ लागला. नंतर त्या प्रभाकररावांकडे बघून बोलल्या, माझ्याकडे नाही.

"दीर्घ राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि तिकीट काढताना खालचा बर्थ बघ. वर चढायला होत नाही मला."

त्यांनी खाली सही केली. तेव्हा मंडळाच्या आणि त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या सर्वांच्या वतीने, तपासून आलेला मजकूर असा: शैलजाताईंना दीर्घ आयुष्य लाभो.